सासऱ्यांच्या ट्रंकेतले नऊ डॉलर

पत्र: माझे सासरे व्यापारी जहाजावर होते. २०२१ च्या पुरात खालच्या खोलीतलं सगळं गेलं, पण माळ्यावरची त्यांची ट्रंक वाचली. परवा ती उघडली तर लोकरी मोज्यात गुंडाळलेले नऊ चांदीचे अमेरिकन डॉलर निघाले. एक १८७८ चा, दोन १८८१ चे (मागे एस), एक १९०० चा (मागे ओ), चार १९२१ चे आणि एक १९२२ चा. त्या शेवटच्यावरची बाई वेगळीच आहे. १९२१ पैकी एकाला सासूबाईंनी कडी लावून घेतली होती. दुसरा मी टूथपेस्टने घासला, छान पांढरा झाला. सराफ म्हणतात, मोडीचा भाव देतो. भाचा म्हणतो, नेटवर असलाच डॉलर लाखांना गेलाय, विकू नकोस. त्याने तुलनेसाठी पुण्यात एका विक्रेत्याकडून सीसी अक्षरं असलेला १८९८ चा डॉलर आठशे रुपयांना आणलाय. पुढच्या महिन्यात तो अमेरिकेला चाललाय, तिथून सर्टिफिकेट करून आणतो म्हणतो. १९०० च्या नाण्यावर कानावरचे केस झिजलेत आणि ओच्या आजूबाजूला काहीतरी खरवडल्यासारखं दिसतं. काय करू?
– एक वाचक, चिपळूण

ताई, सगळ्यात आधी हे: यातलं एकही नाणं आता घासू नका, पुसू नका, सराफांना कसोटीवर ओढू देऊ नका आणि तेजाबाचा थेंब तर अजिबात नको. बाकी सगळ्याला वेळ आहे.

असं का म्हणतोय ते तुम्हाला घरीच पाहता येईल. टूथपेस्टने पांढरा झालेला डॉलर आणि १८८१ पैकी एक असे दोन्ही शेजारी ठेवा. खोलीतले दिवे बंद करून टेबललॅम्पचा एकच बल्ब लावा. नाणं कडेला दोन बोटांत धरा, पृष्ठभागाला बोट लावू नका, आणि बल्बखाली सावकाश कलतं करत फिरवा. फार हाताळलं न गेलेल्या नाण्यावर उजेडाचे पट्टे बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताना दिसतील. नाणं पाडताना ठशाच्या, म्हणजे उलटं चित्र खोदलेल्या साच्याच्या, दाबाखाली चांदी मधून कडेकडे सरकते. त्या सरकण्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर उरतात आणि उजेड त्यांच्यावर खेळतो. घासलेल्या नाण्यावर हे आरे फिरत नाहीत. तिथे सगळीकडून सारखी पांढरी चमक आणि तिच्यावर केसाहून बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. टूथपेस्टमधली भुकटी त्या मूळ रेषाच खरवडून नेते. मी विशीत असताना पंचम जॉर्जचा एक रुपया रांगोळीने लख्ख केला होता. तो अजून माझ्याकडे आहे, आणि नवीन कोणी शिकायला आलं की मी तोच आधी बल्बखाली धरायला देतो. गेलेली झळाळी कुठल्याही उपायाने परत येत नाही. नाण्यांवरचा काळपट, निळसर थर मात्र वर्षानुवर्षं हवेने चढलेला आहे. तो राहू द्या.

तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. घासलेला आणि कडी लावलेला असे जे दोन डॉलर बिघडले, ते दोन्ही १९२१ चेच आहेत. हे साल अतिशय मुबलक. त्यातही कडीचा डॉलर सासूबाईंनी अंगावर घातलेला. त्याची कडी काढायला जाऊ नका. डाख दिलेल्या जागी कड कायमची बिघडलेली असते आणि कडी काढली तर तिथे खड्डा दिसेल. तो दागिना म्हणूनच घरात राहावा असं मला वाटतं.

आता ओळख पटवण्याकडे. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात: नाणं किती चांगल्या अवस्थेत आहे ते आधी बघतात. आधी नाणं नेमकं कोणतं ते ठरवायचं, दर्जा त्यानंतर. तुमचे पहिले आठ डॉलर ‘मॉर्गन डॉलर’ या नावाने ओळखले जातात. ते जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या खोदकाराने घडवले आणि १८७८ ते १९०४ व पुन्हा १९२१ मध्ये पाडले गेले. चेहऱ्यासाठी त्याच्यासमोर फिलाडेल्फियातल्या ॲना विलेस विल्यम्स बसल्या होत्या. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिलिमीटर, चांदी ९० टक्के आणि बाकी तांबं. नाणं उलटं केलंत की गरुडाखाली पानांची माळ आहे, आणि तिची गाठ बांधली आहे तिच्या खाली टांकसाळीचं अक्षर असतं. ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, सीसी म्हणजे नेवाडातलं कार्सन सिटी, डी म्हणजे डेन्व्हर. अक्षरच नसेल तर फिलाडेल्फिया.

एवढं कळलं की तुमच्या भाच्याच्या नाण्याचा निकाल वजनकाट्यावाचून लागतो. कार्सन सिटीच्या टांकसाळीत नाणी पाडणं १८९३ मध्येच थांबलं. १८९८ चा सीसी डॉलर कधी अस्तित्वातच नव्हता. १८८६, ८७, ८८ या तीन सालांचेही सीसी डॉलर नाहीत. नकली नाणी बनवणारे पुष्कळदा साल आणि अक्षर वाटेल तसे जोडतात, म्हणून ही जोडी आधी तपासायची सवय लावून घ्यावी. आठशे रुपये गेले, पण नाणं टाकू नका, त्याच्यावर शिकता येतं. दोन दशांशांपर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याने अर्धा भरलेला पेला ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा. खऱ्या मॉर्गनला काटा २.६ ग्रॅमच्या आसपास दाखवतो. तांबं-निकेलच्या पूर्ण वजनाच्या नकली नाण्याला तो तीनच्या जवळ जातो. चांदी जड असल्यामुळे तेवढ्याच वजनात ती कमी जागा घेते, एवढंच गणित. भाच्याला हे करून बघायला सांगा.

१८७८ च्या नाण्याला मात्र वेळ द्या. त्या एका वर्षात आराखडा टांकसाळीतच बदलत गेला, म्हणून एकाच सालात अनेक प्रकार आहेत. गरुडाची शेपटी भिंगाखाली धरा आणि पिसं मोजा. सुरुवातीच्या ठशांवर आठ पिसं होती, मग ती सात करण्यात आली. घाईत काही आठ पिसांच्या ठशांवरच सात पिसांचा नवा आराखडा दाबला गेला. अशा नाण्यावर सात मोठ्या पिसांच्या खालून जुन्या पिसांची टोकं डोकावतात, जणू साडीखालून परकराची किनार दिसावी. ही टोकं तीन दिसली, पाच दिसली की सात, यावर प्रकार वेगळा आणि किंमतही वेगळी. नुसती सातच पिसं असतील तर गरुडाच्या नखांत धरलेल्या तीन बाणांपैकी सगळ्यात वरच्या बाणाचं शेवटचं पीस बघा. ते दांड्याला समांतर असेल तर आधीचा आराखडा, तिरकं असेल तर पुढच्या वर्षीही चालू राहिलेला. पहिल्यात गरुडाची छाती सपाट, दुसऱ्यात गोलसर. फिलाडेल्फियाच्या १८७८ च्या डॉलरसाठी एवढं पुरतं.

या बारीक प्रकारांना संग्राहक ‘व्हॅम’ म्हणतात. लेरॉय व्हॅन ॲलन आणि जॉर्ज मॅलिस या दोघांनी मॉर्गन आणि पीस डॉलरच्या (तुमचा १९२२ चा तो पीस डॉलर) ठशांची यादी केली, त्यांच्या आडनावांची ही आद्याक्षरं. प्रत्येक सालाच्या, प्रत्येक टांकसाळीच्या ठशांना क्रमांक आहेत आणि ते हजारोंत जातात. भाच्याला हे सांगायला हवं की क्रमांक मिळाला म्हणजे नाणं महाग झालं असं नाही. बहुतेक क्रमांकांना कोणी एक डॉलरही जास्त देत नाही. मोजक्याच प्रकारांना खरी मागणी असते.

त्या मोजक्यांपैकी एक कदाचित तुमच्या ट्रंकेत असेल, म्हणून १९०० च्या नाण्याबद्दल जरा सावकाश लिहितो.

कार्सन सिटीची टांकसाळ थांबली तेव्हा तिथे सीसी खोदलेले, न वापरलेले मागच्या बाजूचे ठसे शिल्लक होते. ते फिलाडेल्फियाला परत आले. चांगले ठसे फुकट घालवायचे कशाला, म्हणून त्या सीसीवर ओ अक्षर ठोकलं गेलं आणि ते १९०० मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या कामी आले. अशा नाण्यांवर ओच्या डाव्या-उजव्या अंगाला जुन्या सीचे कमानदार तुकडे राहिलेले दिसतात. तुम्ही लिहिलंत ‘खरवडल्यासारखं’. ते नक्की कसं आहे, यावर सगळं अवलंबून आहे.

दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे मिळतं तसलं. बल्ब अगदी आडवा ठेवा, जमिनीवरचा खडा लांब सावली टाकतो तसा उजेड नाण्यावरून सरपटत गेला पाहिजे. आता त्या खुणेची सावली कुठल्या बाजूला पडते ते पाहा. ओची सावली ज्या बाजूला, त्याच बाजूला त्या खुणेची सावली असेल तर ती खूण उठावाची आहे, म्हणजे ठशावरूनच आलेली. सावली उलट्या बाजूला, खळग्याच्या आत पडत असेल तर तो ओरखडा आहे, नंतर कोणीतरी केलेला, आणि बहुधा त्याच्या कडेला चांदी थोडी वर उचललेलीही दिसेल. ठशात जे खोल असतं ते नाण्यावर उठून येतं. नाण्यावर नंतर झालेली इजा खोल जाते. उठावाची खूण असेल, कमानदार असेल आणि ओच्या दोन्ही अंगांना असेल, तर ताई, तुमच्याकडे ‘ओ ओव्हर सीसी’ असण्याची चांगली शक्यता आहे. खूण एकाच बाजूला, सरळ आणि खोल असेल तर तो साधा १९०० ओ आहे. तोही चांगलाच, फक्त नेहमीचा.

कानावरचे केस झिजलेत असा निष्कर्ष लगेच काढू नका. न्यू ऑर्लिन्सची पुष्कळ नाणी मुळातच हलक्या दाबाने पाडलेली आहेत. ठशात धातू पूर्ण भरला नाही की नाण्याच्या मधला भाग सपाट राहतो: पुढे कानावरचे केस, मागे गरुडाची छाती. झीज आणि कच्चा ठसा वेगळे करायला पुन्हा बल्बकडेच यावं लागतं. सपाट भागावरून उजेडाचे आरे न तुटता फिरले तर तो भाग कधी झिजलेलाच नाही. तिथे येऊन आरे तुटले आणि राखाडी, मंद डाग दिसला, तर झीज. नवशिक्या विक्रेत्यांकडून या एका चुकीने किती चांगली नाणी स्वस्तात गेली असतील, याचा विचार आला की मला अजून हळहळ वाटते.

दर्जाची मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. विल्यम शेल्डन यांनी ती १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटसाठी मांडली, मग सगळ्याच नाण्यांना लागू झाली. साठ आणि त्यापुढचं नाणं म्हणजे चलनात न फिरलेलं. पण न फिरलेल्या डॉलरवरही डाग-खड्डे असतात, कारण टांकसाळीतून ते हजार-हजारच्या कापडी पिशव्यांत भरले जायचे. एका पिशवीत सव्वीस किलोंहून जास्त वजनाची नाणी एकमेकांवर आपटत असत. म्हणून बाईचा गाल, जो मोठा आणि मोकळा आहे, तिथे किती खुणा आहेत यावर साठीच्या वरचा आकडा मुख्यतः ठरतो. तुमचे १८८१ एस इथे शिकायला उत्तम. सॅन फ्रान्सिस्कोने त्या वर्षी १ कोटी २७ लाख ६० हजार डॉलर पाडले आणि ठसा इतका नेटका की केसांची बट न बट दिसते. त्या दोघांचे गाल शेजारी धरून पाहा, कोणता सरस ते तुमचं तुम्हालाच कळेल. नाणी मुबलक आहेत, पण गाल स्वच्छ असलेलं नाणं मोडीत घालायचं नाही.

१९२१ चे चार डॉलर साधे असले तरी त्यांची गोष्ट थेट आपल्याकडे येते. पहिल्या महायुद्धात भारतात लोक नोटा देऊन चांदीचे रुपये मागू लागले आणि सरकारकडची चांदी आटत चालली. ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. एप्रिल १९१८ मध्ये तिथे पिटमन कायदा झाला आणि २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातली जवळजवळ २६ कोटी डॉलरांची चांदी ब्रिटनला भारतासाठी विकली गेली. इथे तिचे रुपये झाले. ट्रंकेत १९१८-१९ सालांचा पंचम जॉर्जचा रुपया असेल तर त्यात मॉर्गन डॉलरची चांदी असणं अगदी शक्य आहे. वितळवलेल्या डॉलरच्या जागी तेवढेच नवे पाडायचे अशी कायद्यातच अट होती, म्हणून १९०४ पासून बंद असलेला मॉर्गन १९२१ मध्ये परत आला. जुने मूळ साचे नष्ट केलेले होते, नवे घाईत तयार केले, म्हणून १९२१ चा चेहरा आणि गरुड दोन्ही उथळ दिसतात. तीन टांकसाळींतून मिळून साडेआठ कोटींहून जास्त निघाले.

या वितळण्यात कुठल्या सालाचे किती गेले याची नोंद ठेवली गेली नाही. त्यामुळे एखाद्या सालाचे किती पाडले हा आकडा वाचून किती उरले हे सांगता येत नाही. न्यू ऑर्लिन्सचा १९०३ चा डॉलर जवळपास संपला असंच सगळे धरून चालले होते. १९६२ च्या अखेरीस सरकारी तिजोरीतल्या पिशव्या उघडल्या तेव्हा तो ढिगाने बाहेर आला आणि भाव कोसळला. नेटवर ‘फक्त इतकेच पाडले’ असं वाचून भाचा हुरळला तर त्याला हे सांगा.

१९२२ ची वेगळी बाई म्हणजे ‘पीस डॉलर’, महायुद्धानंतरच्या शांततेचा. आराखडा अँथनी डी फ्रान्सिस्की यांचा, चेहऱ्याला आधार त्यांच्या पत्नी टेरेसा यांचा. फिलाडेल्फियाचा १९२२ हा या मालिकेतला सगळ्यात मुबलक. टांकसाळीचं अक्षर इथे मागे ‘वन’ या शब्दाखाली शोधायचं.

आता अमेरिकेला पाठवण्याबद्दल, आणि इथे माझं मत ठाम आहे: भाच्याच्या बॅगेत ही नाणी टाकू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुनं नाणं येतं, आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तुमचे नऊच्या नऊ डॉलर शंभरी ओलांडलेले आहेत. ते मूळचे अमेरिकेचे आहेत म्हणून चालेल असं धरून जाऊ नका. आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात लेखी विचारा, उत्तर लेखी घ्या. अमेरिकेतल्या पीसीजीएस आणि एनजीसी या कंपन्या १९८६-८७ पासून नाणी तपासून सीलबंद डबीत घालून देतात आणि त्यांचा शब्द बाजारात चालतो, हे खरं. पण १९२१ किंवा १९२२ च्या नेहमीच्या नाण्याला त्यांची फी परवडत नाही, आणि घासलेल्या नाण्याला त्या आकडाच देत नाहीत, ‘साफ केलेलं’ असा शेरा मारतात. तपासणीचा विचार करावा असं नाणं तुमच्याकडे फार तर दोन आहे: १८७८ चं आणि १९०० चं.

सराफांनी तुम्हाला फसवलेलं नाही. ते धातू तोलतात, आणि धातू म्हणून एका डॉलरमध्ये २४ ग्रॅमच्या किंचित वर शुद्ध चांदी आहे. नऊ डॉलरची साधारण २१६ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुणलंत की हा तुमचा तळाचा आकडा झाला. याच्या खाली एकही देऊ नका, आणि १८७८, १८८१, १९०० ही सालं या आकड्याला तर मुळीच नाही. पैशांची निकड नसेल तर आत्ता काहीच विकू नका असं मी म्हणेन.

लोकरी मोजा मात्र आजच बदला. लोकर, रबरबँड, वर्तमानपत्र यांत गंधक असतं आणि त्याने चांदी काळी होते. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटातून काही वर्षांनी हिरवट चिकट थर सुटतो, तेही नको. ३८ मिलिमीटरच्या कडक पारदर्शक डब्या मिळतात, एका डबीत एक नाणं, सोबत सिलिका जेलची पुडी, आणि चिपळूणच्या दमट हवेत ती पुडी दर पावसाळ्याआधी बदलायची. डबा माळ्यावरच ठेवा.

१९०० च्या डॉलरच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठवा. नाणं काळ्या कापडावर, फोन स्टँडवर स्थिर, बल्ब आडवा. दोन फोटो हवेत: एकात उजेड डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून, म्हणजे सावली बदलताना दिसेल. १८७८ च्या शेपटीचाही एक जवळून काढा. सासरे कोणत्या बंदरांवर उतरायचे ते आठवत असेल, किंवा त्यांचं नाविकांचं ओळखपुस्तक ट्रंकेत असेल, तर तेही लिहा.